गेमिंग कॉम्प्युटर जोडताना पैसा कुठे घालायचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. एरवी प्रिंटर, वायफाय, रखडणारा लॅपटॉप असे प्रश्न असतात. जूनपासून मात्र मुलांच्या गेमिंग कॉम्प्युटरचे. सांगलीत मी २००४ पासून, म्हणजे पेंटियम ४ च्या काळापासून मशीन जोडतेय, आणि बेताच्या पैशांत चांगलं मशीन उभं करणं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. म्हणून या वेळचं सगळं पान याच पत्रांना. भाव दर आठवड्याला हलताहेत, त्यामुळे प्रत्येक वस्तूची किंमत छापत नाही. हात कुठे आखडायचा आणि कुठे नाही, तेवढं सांगते.

प्रश्न : मुलाला दहावीला चांगले मार्क मिळाले. कबूल केल्याप्रमाणे त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदाराचं कोटेशन सोबत पाठवतेय : आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, लाइटवाला कॅबिनेट, सगळं मिळून २६ हजार. गेमिंग लॅपटॉप तर ६०-७० हजारांच्या खाली दिसत नाही. मग हे इतकं स्वस्त कसं? घ्यावं का?
— एक आई, चाळीसगाव

ताई, तुम्हाला शंका आली हे फार बरं झालं. पैसे देऊ नका, आधी हे वाचा.

कोटेशनवर 'आय७' मोठ्या अक्षरांत आहे, पण कितव्या पिढीचा ते कुठेच नाही. खाली मदरबोर्डच्या रकान्यात मात्र 'एच६१' लिहिलंय, आणि तिथे सगळा उलगडा होतो. एच६१ वर बसणारा आय७ म्हणजे २६०० किंवा ३७७०. पहिला २०११ चा, दुसरा २०१२ चा. तुमचा मुलगा तेव्हा बालवाडीतही जात नसेल. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले हे जुने प्रोसेसर घाऊक भावात येतात, त्यांच्यासाठी साधे बोर्ड नव्याने बनवले जातात, आणि वरून काचेचा, दिवे लागणारा कॅबिनेट चढवला की मशीन नवंकोरं दिसतं.

ग्राफिक्स कार्ड आहे जीटी ७३०. ते २०१४ मध्ये आलं. त्याच्यावर ४ जीबी मेमरी आहे हे खरं, पण मेमरी किती यावरून कार्डाची ताकद कळत नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे आणि नळ करंगळीएवढा, तर बादली लवकर भरेल का? तसंच आहे हे.

आता यावर चालेल काय? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. आजकालच्या बहुतेक मुलांना व्हॅलोरंट हवं असतं. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी, सुरू आहेत का ते तपासतो, आणि नसतील तर खेळूच देत नाही. शिवाय ३७७० ला एव्हीएक्स२ नावाच्या सूचना कळत नाहीत. त्या नसतील तर काही नवे गेम उघडतच नाहीत, मग सेटिंग कितीही कमी करा. हिशेब, टायपिंग, ऑनलाइन क्लास यांना हे मशीन चालेल. पण त्याला गेमिंग म्हणून २६ हजार देऊ नका.

मग काय करायचं? माझं मत विचाराल तर ग्राफिक्स कार्ड सध्या घेऊच नका. प्रोसेसरमध्येच चांगलं ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घ्या, बरोबर १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि चांगला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. व्हॅलोरंट यावर व्यवस्थित चालतं, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालतं, आणि अकरावी-बारावीचा अभ्यासही होतो. २६ हजारांत हे बसणार नाही, थोडी भर घालावी लागेल. पण दोन वर्षांनी याच मशीनमध्ये कार्ड बसवता येईल. एच६१ वाल्यात घातलेला पैसा दोन वर्षांनी भंगारात जाईल.

एक गोष्ट मात्र दुकानात उभं राहून बघा. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या हव्यात, १६ ची एकच नको. ५६००जी चं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. दोन पट्ट्या असल्या तर दोन्ही रस्त्यांनी माहिती येते-जाते. एकच असली तर गेम निम्म्या रस्त्यावर अडतो. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवायला सांगा. आणि बिल पक्कंच घ्या. प्रत्येक वस्तूची वॉरंटी वेगळी असते, म्हणून बिलावर प्रत्येकीचा सीरियल नंबर लिहून घ्या, रिकामे खोके घरी आणा. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतलेले लोक वर्षभराने बंद पडलेला बोर्ड घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मला त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॉनिटर, कीबोर्ड आहेत, फक्त सीपीयू जोडायचाय. बजेट ६५ हजार. आय५-१२४००एफ घेऊ की रायझन ५ ५६००? की थेट एएम५ वर जाऊ? माझ्या यादीत २४० एमएमचा लिक्विड कूलर ६ हजार, आरजीबी फॅन ३ हजार आणि आरटीएक्स ३०५० ६ जीबी कार्ड आहे. यादी तपासून द्याल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

तुझी यादी दोनदा वाचली. मेहनत घेतली आहेस, पण पैसा चुकीच्या जागी गेलाय.

लिक्विड कूलर काढून टाक. १२४००एफ आणि ५६०० हे दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले प्रोसेसर आहेत आणि दोघांच्याही खोक्यात कंपनीचा कूलर येतो. गेम खेळताना तो पुरतो, आवाज थोडा जास्त येतो इतकंच. आरजीबी फॅनही काढ. पुढून जाळी असलेला, दोन-तीन साधे फॅन बसवूनच येणारा कॅबिनेट घे. हे ९ हजार सुटले, ते ग्राफिक्स कार्डात घाल. गेमिंगच्या मशीनमध्ये एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा तरी कार्डाचा असावा, थोडा जास्त झाला तरी हरकत नाही. तुझ्या यादीत तो चौथ्या हिश्शाच्याही खाली आहे.

आता कार्ड. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत आणि नाव सारखं असल्याने मुलं फसतात. ८ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं. ६ जीबीचं २०२४ मध्ये आलं, आणि त्यात नुसती मेमरी कमी केलेली नाही : कोअर २५६० वरून २३०४ वर आलेत, मेमरीचा रस्ताही अरुंद झालाय. त्याचा खरा गुण एकच, ते ७० वॅटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. ऑफिसच्या जुन्या छोट्या डब्यात बसवायला ते उत्तम. तू मात्र नवं मशीन जोडतोयस, तुला ती अडचणच नाही. १०८० पी वर आरएक्स ६६०० या दोन्ही ३०५० च्या पुढे आहे.

फक्त एक विचारते, तुला कॉलेजच्या कामाला ब्लेंडर किंवा मशीन लर्निंग लागणार आहे का? त्यांतली बरीच साधनं एनव्हिडियाच्या कुडा या सॉफ्टवेअरवर, म्हणजे एनव्हिडियाच्याच आरटीएक्ससारख्या कार्डांवर चालतात. लागणार असेल तर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड शोध किंवा ४०६० पर्यंत ताण. नुसतं खेळायचं असेल तर आरएक्स ६६०० घे आणि निर्धास्त राहा.

प्रोसेसरबद्दल फार डोकं शिणवू नकोस. ५६०० आणि १२४००एफ, दोघांनाही सहा कोअर आणि बारा थ्रेड. तुझ्या दर्जाच्या कार्डाबरोबर गेममध्ये फरक जाणवणार नाही. ज्याचा प्रोसेसर आणि बोर्ड मिळून स्वस्त पडेल तो घे. इंटेल घेतलास तर बोर्ड डीडीआर४ रॅमचा आहे ना, हे दोनदा बघ; बी७६० या एकाच नावात नव्या डीडीआर५ रॅमचेही बोर्ड येतात. ५६०० घेतलास आणि बोर्ड दुकानात जुना पडून असला, तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करूनच द्या म्हण. नाहीतर घरी सगळं जोडशील आणि पडदा काळाच राहील. आणि '५६००' च्या ऐवजी '५५००' किंवा '५६००जी' कुणी पुढे केला, 'तेच आहे' म्हणाला, तर ते खरं नाही. त्या दोघांत कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई, म्हणजे कार्डापर्यंतचा रस्ता, तिसऱ्या पिढीचं. ज्यांनी वरच्या ताईंना सुचवलेला ५६००जी घेतलाय, त्यांनी पुढे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड घेऊ नये, ही याच कारणाने केलेली सूचना.

एएम५, म्हणजे एएमडीच्या नव्या रायझनचा सॉकेट, चांगलं आहे, पुढे वाढवायलाही जागा ठेवतं. पण त्याला फक्त डीडीआर५ चालते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. रॅमच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली, घरच्या ग्राहकाच्या वाट्याला कमी माल उरला. तुझ्या ६५ हजारांत एएम५ बसवायचं तर कार्डाला कात्री लागेल. मी लावणार नाही.

रॅम महाग वाटत असेल तर डीडीआर४ च्या वापरलेल्या पट्ट्या घ्यायला मी घाबरत नाही. कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांत सेकंड हँड घ्यायला सर्वांत कमी धोक्याचा भाग तो. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घेऊन जा, एक पूर्ण फेरी होऊ दे. एकही चूक दिसली तर पट्टी परत. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नकोस. तो का, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : आरटीएक्स ३०६० कार्ड बसवल्यापासून गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत मशीन एकदम रीस्टार्ट होतं. बाकी कामांना काही त्रास नाही. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उष्णतेमुळे होत असेल का? एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, वर्षापूर्वीच १,१०० रुपयांना घेतलाय. फोटो पाठवलेत.
— एक वाचक, अकोला

दादा, मशीन बंद करा आणि एसएमपीएस बदलेपर्यंत त्याच्यावर गेम लावू नका. हे कळकळीने सांगतेय, कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत मला जे दिसलं ते चांगलं नाही.

आधी स्टिकरचा फोटो. वर ठळक '४५० डब्ल्यू'. खाली बारीक तक्ता आहे, तो कुणी वाचत नाही. त्यात +१२ व्होल्टच्या खाली लिहिलंय १४ ए. चौदा गुणिले बारा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मशीनमधले सगळ्यात खादाड भाग, याच १२ व्होल्टवर जगतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवलेत, ते आजच्या मशीनला फारसे लागतच नाहीत. तुमचं ३०६० एकटंच १७० वॅट मागतं. म्हणजे प्रोसेसरला घासही मिळायच्या आत ताट रिकामं. ब्राउझर, सिनेमा यांना कार्ड झोपलेलं असतं म्हणून मशीन चालतं. गेम लागला की मागणी उसळते आणि एसएमपीएस मान टाकतो.

आता तिसरा फोटो. एसएमपीएसला कार्डासाठीची आठ पिनांची वायर नव्हती, म्हणून कुणीतरी हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनांच्या वायरीला जोड लावून दिलीय. त्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये पिवळी वायर जिथे शिरते, तिथलं प्लास्टिक तपकिरी झालंय आणि भोक थोडं लांबट झालंय. पिवळी वायर १२ व्होल्टची. ते प्लास्टिक वितळायला लागलंय. हात लावून बघू नका, आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करा आणि मेन केबल काढा.

२००९ मध्ये एका कॉलेजच्या मुलीचं मशीन मी जोडून दिलं होतं. वडिलांचं बजेट तंग होतं, म्हणून एसएमपीएसवर ९०० रुपये वाचवले. वाचवले मी, सुचवलंही मीच. सहा महिन्यांनी एका रात्री तो फुटला आणि जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. बोर्ड मी माझ्या पैशांनी भरून दिला. हार्डडिस्कमध्ये तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, तो मला परत देता आला नाही. त्या दिवसापासून माझ्या टेबलावरून असा एसएमपीएस बाहेर गेलेला नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तुमच्या कार्डाला कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तेवढाच घ्या, पण त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली ४० अँपिअरच्या पुढचा आकडा हवा. ८० प्लस ब्राँझचा शिक्का असावा. त्यातून वीज किती वाया जाते ते कळतं, बाकी दर्जा त्यावरून ठरत नाही. दर्जाचा अंदाज मी वॉरंटीवरून बांधते : कंपनी पाच वर्षं देतेय की एकच? आठ पिनांची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी, जोड लावलेली नको.

उष्णतेचं विचारलंत. गरम झालेला प्रोसेसर किंवा कार्ड आधी स्वतःचा वेग कमी करतं, गेम अडखळायला लागतो. असं क्षणात काळं होऊन रीस्टार्ट होणं बहुतेक वेळा विजेचंच दुखणं. तरी अकोल्याचा उन्हाळा सोपा नाही. मशीन वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. तो गारवा ओला असतो आणि पाण्यातला क्षार फॅनच्या पात्यांवर पांढरा बसतो. कॅबिनेट जमिनीवरून उचला, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, आणि पुढची बाजू काचेने बंद असेल तर उन्हाळाभर ती काच काढूनच ठेवा.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. वाढदिवसाला बाबांनी १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. पण गेम आधीसारखाच दिसतो. मैत्रीण म्हणते मॉनिटर डुप्लिकेट आहे. मशीनमध्ये आरएक्स ६६०० आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

मॉनिटर डुप्लिकेट नसेल, बाळा. मशीनच्या मागे जा. मॉनिटरची वायर कुठे लावलीय? यूएसबीच्या शेजारी, उभ्या रांगेत असेल तर ती मदरबोर्डाला लागलीय, आणि तुझं कार्ड नुसतं बसून आहे. त्याच्या खाली आडवी जागा दिसेल, तिथे कार्डाची तोंडं आहेत, त्यात लाव. जमलं तर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची वायर वापर, बहुतेक वेळा मॉनिटरच्या खोक्यातच असते. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघड. तिथे ६० असेल. ते १६५ कर. माउस नुसता गोल फिरवून बघ, फरक तिथेच दिसेल.

आणि तुमच्याकडे यंत्रमाग जवळ असतील तर महिन्यातून एकदा कॅबिनेटची पुढची जाळी काढून ब्रशने साफ कर. कापसाचे तंतू जाळीवर असे बसतात, की दोन महिन्यांत तिची गादी होते.

प्रश्न : पुण्यात एक जण आरएक्स ५८० ८ जीबी कार्ड अगदी स्वस्तात देतोय. मायनिंगचं असेल का? घेऊ का?
— एक वाचक, पिंपरी

असण्याची शक्यता बरीच आहे. मायनिंग म्हणजे कार्डं राबवून आभासी चलन कमावणं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पारखून घ्यावं लागतं. त्याच्या घरी किंवा दुकानात, तुमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत चौकोन, ठिपके, रेघा चमकल्या तर मेमरी गेलीय, हात जोडून परत या. फॅनचा खरखराट चालेल, फॅन बदलता येतो. आणि जीपीयू-झेड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शेडरचा आकडा बघा : २३०४ हवा. २०४८ असेल तर ते नावाला ५८०, आत छोटं कार्ड आहे, भाव त्याप्रमाणे पाडा.

प्रश्न : नव्या कॅबिनेटला हात लागला की मुलाला झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आहे. परत करू का?
— एक वाचक, रत्नागिरी

एसएमपीएस परत करू नका, तो बिघडलेला दिसत नाही. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, आणि ते अगदी थोडी वीज धातूच्या खोक्याकडे सोडतात. ती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थिंग नसेल तर ती खोक्यावरच थांबते आणि तुमच्या मुलाच्या हातातून रस्ता शोधते. दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर किंवा साधा एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर आधी तो काढा आणि तीन पिनांच्या भिंतीतल्या सॉकेटला मशीन थेट लावा.

तरी झिणझिण्या आल्या, तर घराचं अर्थिंगच तुटलंय किंवा सुकलंय. तुमच्याकडे कातळावरची घरं, खड्डा फार खोल जात नाही आणि मे महिन्यात त्यात ओलावा राहत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, लागलं तर मीठ-कोळसा नव्याने भरून घ्या, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतत जा. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन यांनाही तेच अर्थिंग आहे, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. तोवर मशीन सुरू असताना मुलाला अनवाणी पायाने कॅबिनेटजवळ जाऊ देऊ नका, आणि पेन ड्राइव्ह मागे न लावता कीबोर्डशेजारच्या छोट्या हबला लावायला सांगा.